चाळीस भेगा

माझ्या काकाला सगळे तारकाका म्हणत. सायकलच्या आऱ्यापेक्षा थोडी जाड, दीड मीटर लांब, बोटाबोटावर खुणा केलेली लोखंडी तार कायम त्याच्या हातात असे. एकतीस वर्षं त्याने त्या तारेने जमिनीच्या भेगा मोजल्या. हे काम सांगितलं की ऐकणारा हसतो. लहानपणी मीही हसायचे आणि पुढे तेच काम माझ्या वाट्याला आलं.

आमच्या वस्तीखालचं कुरण परातीसारखं खोलगट आहे. चारी बाजूंचं पाणी तिथे येतं आणि बाहेर जायला त्याला वाट नाही. माती काळी आणि चिकट. पावसाळ्यात ती फुगते, वर पाणी तुंबून राहतं आणि माणूस मांडीपर्यंत रुततो. कोरड्या दिवसांत तीच माती आक्रसून फाटते. भेगा एवढ्या खोल की एक चप्पल आत पडली तर दुसरीही टाकून द्यावी. पण पलीकडच्या पाण्यावर गुरं न्यायची तर वाट त्याच कुरणातून. जमीन कोरडी असेल तर तासाभराची चाल, ओली असेल तर टेकाडांवरून दिवसभराचा वळसा.

फसवणूक वेगळीच आहे. लांब वर कुठेतरी पाऊस झाला की ते पाणी आमच्याकडे वरून वाहत येत नाही. ते भेगांत शिरतं आणि आतल्या आत पसरतं. वर कोरडी ढेकळं, खाली चिखल. पाहून काहीएक कळत नाही. म्हणून चराई खात्याने कुरणाच्या तोंडाशी एक खोली बांधली, चाळीस भेगांशेजारी नंबर घातलेल्या खुंट्या ठोकल्या आणि काकाला नेमलं. आठवड्यातून दोनदा प्रत्येक भेगेत तार सोडायची, खोली वहीत लिहायची आणि टोक ओलं निघालं तर तेही लिहायचं. दहापेक्षा जास्त भेगा ओल्या निघाल्या की फाटकावरची पाटी उलटी करायची. तिची एक बाजू पांढरी होती, दुसरी लाल. ती पाटी पाहून गुराखी गुरं आत घालत.

काका गमत्या माणूस. सात नंबरच्या भेगेला तो ‘आत्याबाई’ म्हणायचा, कारण तिचं तोंड कधी मिटत नसे. ऑफिसच्या खोलीचंही जमिनीशी पटत नव्हतं. पावसाळ्यात दार अडकायचं म्हणून काका ते तासायचा आणि उन्हाळ्यात त्याच फटीतून मांजर बिनदिक्कत आत यायचं. दर वर्षी तो तिरक्या झालेल्या खुंट्या सरळ ठोकायचा. “ही जमीन मला पेन्शन मिळेपर्यंत रिकामं बसू देणार नाही,” असं म्हणायचा. मी त्याला अरे-तुरे करायचे. वस्तीतल्या सगळ्या पोरांचा तो लाडका होता.

माझे बाबा त्याचे थोरले भाऊ. बाबा साठ गुरांचा कळप राखत. जमिनीवर त्यांची नजर अशी की काकाची पाटी पाहूनही लोक वर बाबांना विचारून जात. मी नऊ वर्षांची असताना एका सकाळी पाटी पांढरी होती. बाबांनी गुरं आत घातली. मधोमध पोचल्यावर पुढची गुरं पोटापर्यंत खचली, मागची त्यांच्यावर चढली. सतरा गुरं गेली. एक गाय बाबांच्या पायावर कोसळली आणि तो पाय कायमचा आखडला.

काका म्हणाला, “पाणी मोजणीनंतर आलं असेल.” सगळ्यांनी मान डोलावली. बाबांनी तर त्याच्या आधीच स्वतःला दोषी ठरवून टाकलं होतं. “पाटी लांब होती, माती माझ्या पायाखाली होती. मला कळायला हवं होतं,” असं ते म्हणत. उरलेली गुरं त्यांनी विकली. पुढे कोणी जमिनीबद्दल विचारायला आलं की कानांवर हात ठेवत. नुसत्या जमिनीबद्दलच नव्हे. भाजी कोणती आणायची, खाट कुठे टाकायची, हेसुद्धा, “मला नका विचारू, माझी नजर गेली.” माझ्या लहानपणीचा तो ताठ माणूस असा कणाकणाने संपला. त्याचा मला त्यांच्यावरच राग यायचा, हे आज लिहिताना लाज वाटते.

काका मात्र रोज संध्याकाळी घरी यायचा. बाबांच्या पायाला तेल लावायचा, त्यांना पाठीवर घेऊन अंगणात बसवायचा. खात्याचा नियम आठवड्यातून दोनदाचा, पण तो आता रोज मोजायला लागला होता. अंगात ताप असला तरी तार घेऊन निघायचा. आई म्हणायची, “भाऊ असावा तर असा.”

काका निवृत्त झाला आणि त्याची जागा मला मिळाली. खात्याने जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायला सांगितल्या. एका दुपारी त्या वर्षाची वही समोर आली. अपघाताच्या सकाळचं पान उघडलं. त्या पानावरचे चाळीसच्या चाळीस आकडे तीन दिवसांपूर्वीच्या पानावरचेच होते. या जमिनीत खुंटीसुद्धा तीन दिवस सरळ राहत नाही, तिथे एकही भेग बोटभर हलली नव्हती.

वही घेऊन मी काकाकडे गेले. तो ओट्यावर बसून चपलेचा अंगठा शिवत होता. मी पान पुढे धरलं. त्याने ते पाहिलंही नाही.

“तुला ताप होता का त्या दिवशी?” मी विचारलं. मीच त्याच्यासाठी सबब शोधत होते.

“नाही.”

“मग काकूचं काही?”

“काही नव्हतं गं. कंटाळा आला होता. महिनाभर सगळं कोरडंच निघत होतं. म्हटलं, आज काय वेगळं असणार? खोलीत बसून आधीचंच उतरवलं.”

त्याने आजारपण सांगितलं असतं तर मी बहुतेक गप्प बसले असते. कंटाळा! माझा बाप एकोणीस वर्षं स्वतःच्या नजरेला शिव्या घालत जगला, तो याच्या कंटाळ्यापायी.

“बाबांना तू सांगतोस की मी सांगू?”

“आता कशाला? त्याचं हृदय आधीच थकलंय. डॉक्टर काय म्हणाले, तूच ऐकलंस ना?”

“ऐकलंय. म्हणूनच म्हणते. ते हेच मनात घेऊन गेले तर?”

त्याने सुई चपलेत खोचली आणि वही माझ्या हातून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. बाबांच्या खाटेजवळ खाली बसला आणि वही मांडीवर ठेवून सगळं सांगितलं, अगदी ‘कंटाळा’ हा शब्दसुद्धा गाळला नाही. आईने गॅस बंद केला आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. तिने पुढे काकाला कधी पाणीसुद्धा विचारलं नाही.

मला वाटलं, बाबा ओरडतील.

“म्हणजे माझं चुकलं नव्हतं?” त्यांनी विचारलं. काकाला नव्हे, मला.

“नाही बाबा. तारेला जे कळलं असतं, ते वरून कोणालाच कळलं नसतं.”

“माझं चुकलं नव्हतं,” ते पुन्हा म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मला बघवेना. काका हुंदके देऊन रडत होता. त्याच्याकडे बाबांचं लक्षच नव्हतं.

“मला कुरणावर ने,” ते म्हणाले.

शेजाऱ्याची हातगाडी मागून आणली. काका आणि मी ती ढकलत नेली. फाटकावर पाटी पांढरी होती. ती मीच दोन दिवसांपूर्वी मोजून लावली होती. आभाळ निरभ्र होतं. बाबांनी गाडीतूनच काठी जमिनीवर आपटली, थांबले, पुन्हा आपटली. मग एक ढेकूळ मागितलं, चुरलं आणि वास घेतला.

“लाल कर. वर कुठेतरी पडलाय.”

“मोजल्याशिवाय करता येत नाही, बाबा.”

“मग मोज. सगळ्या मोज.” मग एवढ्या वेळात पहिल्यांदा ते भावाकडे वळले. “तू लिही. ती सांगेल तेवढंच लिही.”

मी एकेका भेगेत तार सोडत गेले, काका मागून वही घेऊन आला. सव्वीस ठिकाणी टोक ओलं निघालं. काकाने सव्वीस ठिकाणी ‘ओली’ लिहिलं. मी पाटी उलटी केली तेव्हा बाबा हातगाडीत ताठ बसले होते.

त्यानंतर ते पाच महिने जगले. रोज सकाळी मी निघायच्या आधी पाटीचा रंग सांगायचे. दोनदा चुकले, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. काकाला त्यांनी माफ केलं का, हे मी विचारलं नाही. काका यायचा, पायाला तेल लावायचा, बाबा लावू द्यायचे. बोलत मात्र नसत.

काका गेल्या हिवाळ्यात गेला. त्याच्या खोलीतून ती जुनी वही मी ऑफिसात परत आणली आणि अपघाताच्या सकाळचं पान कॉम्प्युटरवर चढवायला घेतलं. चाळीसही आकड्यांवर त्याने आडवी रेघ मारली होती. प्रत्येक आकड्यासमोर, थरथरत्या अक्षरात, चाळीस वेळा लिहिलं होतं: मोजलं नाही.

मी तसंच उतरवून घेतलं.