गिरणीवालीचा चहा

माझ्या वहिनीने माझी एकच कादंबरी ऐकली, आणि ती आम्हा दोघींना चांगलीच महागात पडणार होती.

एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत ती क्रमशः येत होती. वहिनी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर लावून वाचते, तिला छापील मजकुराचा कंटाळा. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी मी नगरला सावेडीतल्या माझ्या फ्लॅटमधून गावी, कोल्हारला फोन लावायचे आणि येत्या रविवारचा भाग तिला वाचून दाखवायचे. दहा मिनिटांचं काम. सुरुवातीला मी हे उपकार केल्यासारखं करत होते, हे कबूल करते. ती लग्न होऊन आली तेव्हा मी पाचवीत होते. आमची आई नव्हती. माझ्या वेण्या, माझे डबे, नगरच्या कॉलेजसाठी पहाटेची एसटी, सगळं वहिनीने निभावलं. तेव्हा दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही.

कादंबरीची नायिका एक पिठाची गिरणी चालवणारी बाई. तिला मी नाव दिलं होतं, पण वहिनीने ते कधी घेतलं नाही. ‘आपली गिरणीवाली’ म्हणायची. ‘तिनं पट्टा बदलला का वन्सं? तो तुटायला आलाय,’ असं मला बजावायची. मी हसायचे. पुढे त्याच पट्ट्यात गिरणीवालीचा पदर अडकवायचा, हे माझं आधीच ठरलं होतं. एक भाग ती दवाखान्यात बेशुद्ध आहे इथे संपला. पुढच्या भागात ती मरणार होती, एकटी, जवळ कुणी नसताना. तो भाग लिहून मी पुरवणीकडे पाठवूनही दिला होता आणि स्वतःवर बेहद्द खूश होते.

त्याच आठवड्यात वहिनीच्या हृदयाची झडप बदलायची होती. गुरुवारी सकाळी ऑपरेशन, बुधवारी दुपारी दवाखान्यात यायचं. चार पावलं चालली की तिला धाप लागायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता पुढे ढकलायचं नाही.

बुधवारी सकाळी दादाचा फोन आला. “ती गाडीत बसंना. म्हनती, गिरणीवालीला तशी टाकून मी न्हाई येत.”

मला चिडायला वेळ लागत नाही. मी दादावरच तडकले. पण वहिनी काय म्हणतेय ते मला कळलं होतं. कोल्हारला देवळात पोथी लावतात, तिथला नियम लहानपणी मीही पाळलेला. पोथीतला माणूस संकटात असला की पोथी बांधायची नाही. तो सुटेपर्यंत वाचायचं, भाकरी गार झाली तरी कुणी उठायचं नाही. उठलं, तर ते संकट ऐकणाऱ्याच्या पाठीमागे घरी येतं म्हणतात. वहिनीने हा नियम माझ्या कादंबरीला लावला होता. वर्तमानपत्राच्या पुरवणीला! मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

“फोन दे तिच्याकडे,” मी म्हटलं.

खरा भाग समोर टेबलावर होता. मी त्यावर हात ठेवला आणि तोंडाला येईल ते वाचायला लागले. तिसऱ्या दिवशी गिरणीवालीने डोळे उघडले. उठून बसली. नर्सने चहा दिला. तिने तो बशीत ओतला, फुंकर मारली आणि घोट घोट प्यायली. बशी सुचल्याबद्दल मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

वहिनीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बरं. येते मी.”

दुपारी दवाखान्यात जाण्याआधी दोघं माझ्याकडे टेकली. मी चहा टाकला. वहिनीने कप हळूच दादाकडे सरकवला. “मला नगं. पोट जड झालंय,” म्हणाली. मला तिला लवकर भरती करायची घाई होती, मी लक्ष दिलं नाही.

गुरुवारी सकाळी तिला आत नेताना मी सोबत चालत होते. तिच्या बांगड्या, मंगळसूत्र माझ्या रुमालात बांधलेलं. दाराशी तिने माझं बोट धरलं.

“वन्सं, गिरणीवाली चहा पेत न्हाई.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“तिची भईन रागानं निघून गेली, तवापासून सोडलाय तिनं. भईन घरी येईपर्यंत न्हाई प्यायची. तुमीच वाचलं हुतं.”

मीच लिहिलं होतं. दुसऱ्या की तिसऱ्या भागात, एका ओळीत. विसरले होते.

“मग तू आलीस कशाला?” मी विचारलं.

“तुमचा आवाज लई कापत हुता,” वहिनी म्हणाली. “म्हनलं, पोरगी भेलीय.” आणि तिला आत नेलं.

मी तिथेच उभी राहिले. म्हणजे गिरणीवाली सुटलेली नाही, हे वहिनीला ठाऊक होतं. तिच्या लेखी ते संकट तिच्या पाठोपाठ त्या दाराच्या आत गेलं होतं. तरी ती गेली, मला भीती वाटू नये म्हणून. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बाकावर दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “आठ दिस झालं तिनंबी चहा सोडलाय. गिरणीवालीला बरं वाटंस्तवर न्हाई म्हनली. मी लई बोललो, ऐकलं न्हाई.”

मी उठले आणि पुरवणीच्या संपादकांना फोन लावला. भाग बदलायचाय म्हटलं. ते वैतागले. दोनपर्यंत पान थांबवतो, त्यापुढे एक मिनिट नाही, म्हणाले. पिशवीतली वही काढून मी बाकावर लिहायला बसले. तिला जगवायचंच, एवढंच डोक्यात होतं. मी देवाला हात जोडताना दहा शंका काढणारी बाई, पण त्या बाकावर माझी पक्की खात्री झाली होती की ही वहीत मेली तर ती आत मरेल.

लिहिता येईना. डोळे उघडले असं लिहिलं आणि खोडलं. इतक्या भागांत त्या बाईला मी पुरती ओळखत होते. पट्ट्याने तिचं काय केलंय ते मीच बारकाईने लिहून ठेवलं होतं. उठून बसवलं की ती दुसरीच कुणी व्हायची, आणि वहिनीने ते पुन्हा ओळखलं असतं. साडेअकरा वाजले. आतून निरोप नाही. दादा सारखा दाराकडे बघत होता. बारा वाजले.

मग मला दिसलं की मी मुळातच एक वाईट गोष्ट केली होती. तिचं मरण टळणार नव्हतं, पण एकटी का? केवळ वाचणाऱ्याला चटका बसावा म्हणून. माझ्या हौसेसाठी मी त्या बाईजवळ एक माणूसही ठेवला नव्हता. मी बहिणीला आणलं. एसटीतून उतरून ती तशीच धावत येते. गिरणीवाली डोळे उघडते, बहिणीला बघते. बहीण बाहेरच्या टपरीवरून चहा आणते आणि चमच्याने तिच्या ओठांना लावते. गिरणीवाली एक घोट घेते. मग जाते. लिहिताना मी रडत होते, आणि ते दवाखान्यातल्या वहिनीसाठी होतं की वहीतल्या बाईसाठी, ते मला सांगता येणार नाही.

“झालं?” दादाने विचारलं.

“झालं.”

“मंग मोठ्यांदा वाच. पोथी मनात वाचत न्हाईत.”

मी वाचलं. आधी दबक्या आवाजात, मग नीट. समोरच्या बाकावरची दोन माणसं बोलायची थांबली. शेवटची ओळ झाली तशी दादाने वही माझ्या हातातून घेतली, मिटली आणि कपाळाला लावली. पानांचे फोटो काढून मी पुरवणीला पाठवले. दोनला दहा कमी होते. वहिनीचं ऑपरेशन नीट झाल्याचं आम्हाला तीन वाजता कळलं.

पाचव्या दिवशी तिला वॉर्डात आणलं. तिला त्रास होईल असं काही बोलू नका, अशी तंबी होती. दादा औषधं आणायला गेला तशी वहिनीने मला जवळ बोलावलं.

“आता खरं सांगा. गेली का?”

मला ती तंबी आठवली. तरी पुन्हा खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. “गेली,” मी म्हटलं.

तिने डोळे मिटले. मी तिच्या श्वासाकडे बघत राहिले.

“एकलीच?”

“नाही. बहीण आली होती. तिच्या हातचा चहा प्यायली. एक घोट.”

वहिनीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

“मंग सुटली,” ती म्हणाली. “वन्सं, मलाबी अर्धा कप आना. साखर बेताची.”

मी नर्सला विचारून आले आणि तिला चमच्याने चहा पाजला.