नवसाच्या मावशी

आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येकाच्या नावावर एखादा नवस असायचा आणि तो बोललेला असायचा मावशींनी. ज्याचा नवस त्याला बहुतेक वेळा पत्ताही नसायचा. काम झालं की मावशी पदर खोचून दारात उभ्या राहत आणि सांगत, "बोलले होते मी. आता फेडा." त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. आमच्या पदमपुऱ्यात त्यांना सगळे नवसाच्या मावशी म्हणत, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

मावशी मूळच्या पैठणकडच्या. यजमान लवकर गेले, मुलगा कामाला सुरतेला. दर मंगळवारी सकाळी त्या कर्णपुऱ्याच्या देवीला जात. आमच्या गल्लीतून ते देऊळ पायी जाण्यासारखं. जाताना वाटेतल्या घरांची हालहवाल घेत जायच्या आणि देवीपुढे उभ्या राहिल्या की ती सगळी तिला सांगायच्या. मोठ्यानं. नळावर शेजारणीशी बोलावं तशा. "कुलकर्ण्याच्या सुनेला सासू लई छळती. तिचं मन वळव, सासू तुला साडी नेसवील." रांगेतल्या बायका कान टवकारून ऐकत. सासूबाईंपर्यंत ही बातमी मावशी घरी यायच्या आधी पोचलेली असे.

आमच्या घरात पहिली पाळी अण्णांची आली. माझे वडील एसटीत कारकून होते आणि त्यांची बदली निघाली होती. देवाधर्माशी त्यांचा संबंध दिवाळीच्या फराळापुरता. बदली रद्द झाली आणि संध्याकाळी मावशी हजर. "अण्णा, परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचाय तुम्हाला."

"बदली साहेबांनी रद्द केली, मावशी," अण्णा म्हणाले.

"व्हय. अन् साहेबाला बुद्धी कोणी दिली?"

अण्णांनी आठवडाभर तग धरला. मग आईनं बोलणं सोडलं आणि ते नमले. ऑफिसच्या पँटवर, कपाळाला मळवट भरून, हातात परडी घेतलेले अण्णा मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. "जोगवा" हा शब्द त्यांच्या तोंडून इतका बारीक निघे की दार उघडणाऱ्या बाईला वाटे, काहीतरी उसनं मागायला आलेत. शेवटचं घर मावशींचं होतं. त्यांनी सूपभर ज्वारीचं पीठ परडीत ओतलं आणि अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं. त्या रात्री त्या पिठाची भाकरी त्यांनी जरा जास्तच खाल्ली.

गल्लीच्या तोंडाशी टेलर चाचांचं दुकान होतं. त्यांच्या मुलीचं पहिलं बाळंतपण अवघड होतं, ते सुखरूप पार पडलं. मावशी दुकानात गेल्या आणि देवीला चोळी शिवून द्यावी लागेल म्हणून सांगून मोकळ्या झाल्या. मी तिथं फॉल लावायला दिलेली साडी घ्यायला उभी होते. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मावशी, बोलने के पहले पूछना तो था."

"तवा तुम्ही दवाखान्यात होता. कुणाला विचारू?"

चाचांनी गळ्यातली टेप हातात घेतली. मग म्हणाले, "देंगे. मगर माप?"

मावशींनी दोन्ही हात पसरले. "माझंच घ्या. माय काय माझ्यापेक्षा बारीक नाय."

चाचांनी हिरव्या खणाची, जरीच्या काठाची अशी चोळी शिवली की मावशींना ती देवीला द्यावी की आपणच ठेवून घ्यावी असा प्रश्न पडला. तसं त्यांनी देवीला सांगितलंसुद्धा.

मग माझी वेळ आली. लग्न होऊन मी नाशिकला गेले आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले. मुलगी दिवस भरण्याच्या खूप आधी झाली. तळहाताएवढी. काचेच्या पेटीत ठेवलेली, नाकात नळी. डॉक्टर काही धड सांगत नव्हते. मावशी येऊन तिला काचेतून बघून गेल्या. एरवी बोलून जीव नकोसा करणारी बाई, चकार शब्द न काढता गेली आणि तिथून तशीच अनवाणी कर्णपुऱ्याला. परत येऊन त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

"बोललात का, मावशी?" मी विचारलं.

"बोलले."

"काय?"

"सांगीन. पोरगी घरी तर येऊ दे."

पोरगी घरी आली. बाळसं धरलं, रांगली, चालली. मी मावशींना विचारत राहिले आणि त्या पुढं ढकलत राहिल्या. चालू दे, शाळेत जाऊ दे, अजून वेळ नाय आली. इतरांच्या दारात ज्या दुसऱ्या दिवशी वसुलीला उभ्या राहत, त्या माझ्याच बाबतीत गप्प का, हे कळेना. अण्णा चिडवायचे, "तुझं नाशिकचं घर देऊन टाकलं असेल." मी हसायची, पण आत धास्ती होती. मुलीला साधा ताप आला तरी मनात यायचं, फेडायचं राहिलंय. म्हणून दर नवरात्रात मी लेकीला घेऊन यायची आणि मावशींबरोबर पहाटे देवीला जायची. क्रांती चौकाकडून अनवाणी माणसांची रीघ लागलेली असे, जत्रेत पाळणे उभे राहिलेले, रेवड्यांचे ढीग. रांगेत मी हळूच विचारायची. मावशी म्हणायच्या, "आज गर्दी लई हाय. पुढच्या वर्षी सांगते." आणि माझ्या लेकीचा हात धरून पुढे सरकायच्या.

अशी बरीच वर्षं गेली. एका नवरात्रात मी आले तर मावशी बाजेवर होत्या. मुलगा सुरतेहून आलेला, डॉक्टर येऊन गेलेला. लेक बाहेर ओट्यावर होती. मी दार लोटलं आणि त्यांच्याजवळ बसले.

"मावशी, आता तरी सांगा. मला फेडायला हवं."

त्यांनी तोंड आढ्याकडे वळवलं.

"काय सांगू, बाई? म्या बोललेच नाय."

"म्हणजे?" मी विचारलं.

"उभी राहिले मायपुढं. साडी म्हणावी, तर कमी वाटली. सोन्याचा डोळा म्हणावा, तर तो बी कमी. त्या पोरीच्या बदल्यात काय द्यावं तेच सुचंना. तोंडच उघडलं नाय. नुसती रडले अन् आले."

"मग बोलले म्हणून का सांगितलंत?"

"तू डोळ्यांत जीव आणून बघत होतीस. नाय कसं म्हणू? अन् मग तू दरसाल यायला लागलीस, पोरीला घेऊन." त्यांनी माझा हात धरला. "बरं वाटायचं. आता तुझ्यावर कायबी नाय. यायचं तर ये, नायतर नको येऊ."

इतक्या वर्षांची धास्ती एका क्षणात गेली, आणि हलकं वाटायच्या ऐवजी मला रडू फुटलं. मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्या थंडीत त्या गेल्या.

पुढच्या नवरात्रात माझे यजमान म्हणाले, आता जायला हवंच असं काही नाही. मी हो म्हटलं आणि बॅग भरली. लेक आता कॉलेजात होती, तिनं न विचारता स्वतःचे कपडे त्यात टाकले. पहाटे आम्ही दोघी अनवाणी निघालो. रांग सरकत सरकत गाभाऱ्याशी पोचली. लेकीनं नारळ पुढे केला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आई, काय बोलायचं?"

"काही नाही," मी म्हटलं. "नुसती उभी राहा."

मागच्या बाया पुढं सरका, पुढं सरका म्हणत होत्या. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.