सुट्टीवर गेलेली टाच

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर काढले. त्या दिवशी काय भोगावं लागलं ते आईने मला आयुष्यभर ऐकवलं, पण बाकी गाव खूश झालं. पायाळू माणसाची टाच पाठीला लागली की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. वांगणीजवळच्या आमच्या गावात मी नीट चालायला लागले आणि माझी प्रॅक्टिस सुरू झाली. भातलावणीने कंबर धरलेली मोठमोठी माणसं सकाळी आमच्या ओटीवर पालथी पडायची आणि मी डाव्या टाचेने त्यांची पाठ तीनदा दाबायची. बदल्यात गुळाचा खडा मिळायचा. माझा तोरा काय सांगावा!

माझं लग्नसुद्धा त्या टाचेनेच जमवलं. सासूबाई बघायला आल्या तेव्हा मी पोहे खारट केले होते आणि माझा रंगही त्यांच्या अपेक्षेपेक्षा बराच सावळा निघाला. त्या पदर सावरून उठणार, तेवढ्यात माझी काकू म्हणाली, "पोरगी पायाळू आहे हो." सासूबाईंची पाठ तरुणपणापासून दुखरी. त्या परत बसल्या आणि त्यांनी आणखी पोहे मागितले.

याला तीस वर्षं झाली. बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमचं घर आहे. आदल्या दिवशी आमचं कितीही वाजलेलं असो, सकाळी त्यांच्या पाठीला टाच लागायचीच. सासूला पाय लावायचा म्हणून मागोमाग नमस्कारही करायचा. आपण या घरात कशामुळे आलो हे मी कधी विसरले नाही. खरं सांगायचं तर त्याचा मी फायदाही खूप घेतला. भांडण हातचं जायला लागलं की मी नुसती पायाकडे बघायची, सासूबाई गप्प.

मागच्या दिवाळीनंतर नेमकी तीच टाच दुखायला लागली. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. मी अंबरनाथला एका कारखान्यात पॅकिंगला आहे, सगळं काम उभ्याने. संध्याकाळपर्यंत जीव नको व्हायचा. पण घरी सांगणार कोणत्या तोंडाने? जगाच्या पाठी बऱ्या करणारी बाई स्वतःच लंगडतेय! मी भिंत धरून चालायची आणि कुणी विचारलं तर सांगायची, "पाणी सांडलंय, जपून चालतेय."

त्यातच सासूबाईंची पाठ धरली, आणि या वेळी साधीसुधी नाही. त्यांना सरळ उभं राहता येईना. बिल्डिंगखालच्या बाकावर बायकांमध्ये बसणं बंद झालं, जेवणही पलंगावरच. आमच्या यांनी डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायच्या, "घरात डॉक्टर असताना बाहेरचा कशाला?" आणि मला म्हणायच्या, "जरा जोर लाव गं. आजकाल तुझं लक्षच नसतं." मी जोर लावायची. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, त्या खाली कण्हायच्या, आणि दुखणं काही हलायचं नाही.

शेवटी कारखान्यातल्या मैत्रिणीने उल्हासनगरच्या एका कायरोप्रॅक्टरचा, म्हणजे हातांनी सांधे मोकळे करणाऱ्या डॉक्टरचा पत्ता दिला. सुटल्यावर मी गुपचूप तिथे गेले. फर्निचरच्या दुकानांच्या रांगेत छोटंसं क्लिनिक, आणि डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची सिंधी पोरगी. मला वाटलं, ही टाच बघेल. तिने मला आधी चालायला लावलं, मग वाकायला, मग पंजे ताणायला.

"आंटी, टाचेखालचा पडदा ओढला गेलाय. पण पोटरी आखडलीय आणि कंबर पण एक साइडला झुकलीय," ती म्हणाली. "और ये चप्पल? इतकी घिसली हुई! आजच फेका."

मग तोंडासाठी भोक ठेवलेल्या एका टेबलावर तिने मला पालथं झोपवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पालथी आणि दुसरं कोणीतरी माझ्या पाठीशी! कंबरेजवळ कट्‌कन आवाज झाला. मी घाबरून ओरडले आणि लगेच हसले. एका दिवसात काही होणार नाही, बाटलीवर तळवा रोज फिरवायचा, पोटरी ताणायची, असं तिने बजावलं. जाता जाता विचारलं, "या पायावर एक्स्ट्रा जोर कधी पडतो का?"

मी मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. तिचा चेहरा बदलला.

"सासूबाईंचं वय काय?"

"ऐंशीच्या आसपास."

"आंटी, या वयात हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. एक्स-रे बघितल्याशिवाय मी पण त्या पाठीला हात लावणार नाही. और आप पैर दे रही हो?"

रिक्षात बसले, ते सगळ्या वाटेत एकच विचार. खरं सांगितलं तर त्या घरात माझं म्हणून काय उरेल? आणि नाही सांगितलं तर उद्या सकाळी त्या पुन्हा पालथ्या पडणार. मला खूप भीती वाटत होती. तीस वर्षांत मला त्या बाईची इतकी काळजी कधी वाटली नव्हती, तेही त्याच दिवशी कळलं.

सकाळी चहाचा कप त्यांच्या हातात देऊन मी सगळं ओकून टाकलं. टाच दुखते, मी लपवलं, डॉक्टरकडे गेले, यापुढे पाय लावणार नाही.

सासूबाईंनी कप बाजूला ठेवून माझा पाय निरखला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"तरीच!" त्या म्हणाल्या. "तरीच मला गुण येत नव्हता! अगं, टाचच आजारी तर ती माझी पाठ कशी बरी करणार? आधी सांगायचंस ना! पुन्हा कधी जायचंय? मी येते. तुझ्या पायाशी काय करतात ते माझ्या डोळ्यांनी बघते."

ज्या बाईला तीन आठवडे कुणी दाराबाहेर काढू शकलं नव्हतं, ती दुसऱ्याच दिवशी काठी टेकत, पाठीला उशी घेऊन रिक्षात बसली.

क्लिनिकमध्ये त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढायला लावली. "डॉक्टरीणबाई, सांभाळून हं. गुण जाता कामा नये." ती पोरगी भलतीच हुशार. तिने माझ्या पायाचं काम पूर्ण केलं आणि गोड आवाजात म्हणाली, "दादी, हा पाय कुठल्या पाठीसाठी रिपेअर करायचाय, ती पाठ तर बघू द्या." सासूबाईंना ते अगदी पटलं. एक्स-रे निघाला. हाडं विरळ झाली होती, पण मोडलेलं काही नव्हतं. डॉक्टरने तो कट्‌कन आवाज अजिबात काढला नाही. हलक्या हाताने स्नायू मोकळे केले, कुशीवर वळून कसं उठायचं ते शिकवलं, हाडांच्या डॉक्टरला चिठ्ठी दिली, आणि माझ्याकडे डोळे वटारून पाय लावायला कायमची बंदी घातली.

"कायमची नाही," सासूबाईंनी परतताना मला समजावलं. "पाय सुट्टीवर आहे."

महिनाभराने त्या खाली बाकावर जाऊन बसायला लागल्या. तिथे त्यांनी काय जाहीर केलं असेल? की डॉक्टरने सुनेची टाच दुरुस्त केली आणि टाच सुधारत गेली तशी इकडे पाठ आपोआप मोकळी झाली. मी वरून गॅलरीतून ऐकलं आणि पोट धरून हसले. दुरुस्त करायला खाली गेले नाही.

माझी टाच मात्र त्यांच्या पाठीइतकी गुणी निघाली नाही. हळूहळू, रडतखडत सुधारतेय. टाच अंगठ्याने दाबायला घरचं कुणीतरी हवं, असं डॉक्टर म्हणाली होती. एका रविवारी मी ओट्याशी उभी राहून पोटरी ताणत होते, तर सासूबाईंनी हाक मारून मला समोर बसवलं, तेलाची वाटी घेतली आणि माझा पाय उचलून सरळ मांडीवर ठेवला. मी चटकन मागे ओढला.

"अहो आई, काय करताय? पाय तो!"

"गप बस. इतकी वर्षं पाठीवर चालला, मांडीवर काय होतंय त्याला?"

त्यांचे अंगठे अजून चांगलेच दणकट आहेत. मी दोनदा किंचाळले, त्या खुदखुदल्या. थोड्या वेळाने, थट्टेत बोलल्यासारखं करून मी विचारलं, "आणि नाहीच झाली ही टाच बरी तर?"

त्यांनी मान वर केली नाही. तेलाचं बोट पुन्हा वाटीत बुडवलं.

"नाही तर नाही. आज भाजी कसली करायची, ते सांग."