अण्णांची ओळ

नीलांबरीला मी डेटाबेस शिकवायला घेतलं ते तिच्या नवऱ्याच्या, श्रीहर्षच्या, आग्रहामुळे. तो इथे नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनला इंजिनियर. लॉकडाऊन लागलेला, आणि नाशिकच्या शाळेत भूगोल शिकवणारी ही बाई इथे दिवसभर खिडकीतून रिकामा सायकलरस्ता बघत बसायची. मला ते बघवेना. मी दोन घरं सोडून राहते, पोट डेटाबेसवरच भरते, त्यामुळे नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

विद्यार्थिनी तल्लख, आणि तितकीच आगाऊ. टेबलातल्या प्रत्येक ओळीला प्रायमरी की का लागते, हे मी रंगात येऊन सांगत होते, तर मधेच म्हणाली, "म्हणजे हजेरीचा नंबर. वर्गात दोन सुनीती असल्या तरी घोळ नको!" सरावासाठी तिने नातेवाइकांचं टेबल केलं. नाव, नातं, वाढदिवस, फोन. पहिली ओळ अण्णांची, म्हणजे तिच्या वडिलांची. दुसरी आईची.

एकवीसच्या एप्रिलमध्ये अण्णा कोरोनाने वारले. विमानं बंद. हॉस्पिटलने मुखदर्शनसुद्धा होऊ दिलं नाही, ना तिला, ना तिथे असलेल्या आईला. नीलांबरी रडली नाही. तिने आईचे फोन घेणं मात्र बंद केलं.

"आई रोज विचारतात, नीलू कुठंय," श्रीहर्ष मला रस्त्यात लांबूनच म्हणाला. "त्या तिकडे एकट्या आहेत. मी काय सांगू, मंजूषाताई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. बाहेर दाट धुकं, समोरचं घरही दिसत नव्हतं. श्रीहर्ष वर मीटिंगमध्ये. टेबलावर चहाचे तीन कप. मी जवळचा उचलायला गेले.

"तो नको, मंजूताई. तो गार होऊ दे. त्यांना गरम चालत नाही."

मी हात मागे घेतला.

"अण्णा परत येतात," ती अगदी साधेपणाने म्हणाली. "मी रोज संध्याकाळी त्यांची ओळ डिलीट करते. जाते. सकाळी लॅपटॉप उघडला की असतात."

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी अंगावर काटा आला. मी म्हटलं, माझ्यासमोर कर. तिने केलं. ओळ गेली. मी त्याच टेबलाची दुसरी विंडो उघडली, तर तिथे अण्णा होते. नाव, वाढदिवस, नाशिकचा नंबर, सगळं जागच्या जागी. एकाच पडद्यावर डावीकडे नाहीत, उजवीकडे आहेत. कारण मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी एकदा मागे वळून बघितलं.

मग मात्र सुटल्यासारखं हसू आलं. "अगं वेडे, तू कमिट करत नाहीस! कमिट म्हणेपर्यंत, म्हणजे पक्कं करेपर्यंत, बदल फक्त तुझ्या विंडोत दिसतो. तशीच बंद केलीस की काही झालंच नाही असं धरून चालतं ते."

ती हसली नाही. "माहितीय. तूच शिकवलंस. कमिट केलं की मग मागे घेता येत नाही, हेही तूच सांगितलंस."

म्हणजे हे सगळं ती जाणूनबुजून करत होती. रोज संध्याकाळी त्यांना पाठवायचं, ते सकाळी परत यावेत म्हणून. मला तिचा भयंकर राग आला, आणि तितकीच मायाही वाटली.

"आणि ही दुसरी ओळ?" मी पडद्यावर बोट ठेवलं. "नंबर तोच आहे ना, घरचा? तो आता कोण उचलतंय, नीलू?"

तिने तो नंबर एकदा पुटपुटत वाचला. मग तिने कमिट टाइप केलं, बोट एंटरवर ठेवलं आणि डोळे मिटून दाबलं. मी उजवी विंडो रिफ्रेश केली. पहिली ओळ आईची होती.

मग तिने फोन लावला. स्पीकरवर पलीकडून "हॅलो" आलं.

"आई, अण्णा गेले ना गं?" म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"गेले गं बाळा," आई म्हणाल्या. "पण मी अजून रोज सकाळी दोन कप चहा टाकते. एक गार होत ठेवते. तुला कसं सांगू, तू घाबरशील."

नीलांबरीने टेबलावरच्या तिसऱ्या कपाकडे बघितलं. मग तो उचलला, आणि आईशी बोलत बोलत तो गार चहा ती स्वतः प्यायली.