राऊत सरांचे निळे सदरे

राऊत सरांचे सदरे निळे असत. निळे म्हणून घेतलेले नव्हेत. मूळचे पांढरेच, पण नीळ घालून घालून तसे झालेले. सर रोज सकाळी सदरा उजेडात धरून म्हणत, "पिवळट दिसतोय. जरा नीळ वाढव की." काकू बिचाऱ्या दोन थेंब वाढवत. असे थेंब वाढत वाढत तीन वर्षं गेली. दोरीवर सरांचं धुणं पडलं की आशागडच्या रस्त्याने जाणारी माणसं हसत. सरांना टापटिपीचा सोस आहे, एवढंच आम्ही समजत होतो. मीही तेच समजले, आणि मी तर त्यांच्याकडे रोज कामाला होते.

सर कोसबाडला शेती शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या बारा चिकूंपैकी सहा तोडले आणि तिथे कर्दळ लावली. घोलवडपासून इथपर्यंत मान काय तो चिकूला. कर्दळ म्हणजे मोरीच्या पाण्यावर वाढणारं झाड. सरांच्या सख्ख्या भावाने वर्षभर अबोला धरला. पण सरांना पांढरी कर्दळ काढायची होती. लाल, पिवळी, केशरी, ठिपक्यांची, सगळी मिळते. स्वच्छ पांढरी त्यांनी कुठे पाहिली नव्हती. "मोगऱ्यासारखी नको," ते म्हणत, "शिजलेल्या भातासारखी चालेल. पण पांढरी."

मी रोपवाटिकेचं शिक्षण घेऊन त्यांच्याकडे लागले. तळासरीकडची लखमी माझ्याही आधीपासून खुरपणीला होती. ऊन चढायच्या आत एका फुलाचे पराग नखाने काढायचे, दुसऱ्या जातीचे लावायचे आणि देठाला दोरा बांधायचा. कर्दळीचं बी काळं आणि छऱ्यासारखं टणक. कानशीने घासून कोमट पाण्यात भिजवल्याशिवाय ते उगवत नाही. वर्षाला दीडेकशे रोपं होत. ती फुलली की निवड.

निवडीच्या दिवशी सरांशी कोणी बोलायचं नाही. हात पाठीमागे बांधून ते एकेका रोपापुढे उभे राहत आणि दोनच शब्द बोलत, "ठेव" किंवा "काढ". काढ म्हटलं की रोप उपटायचं, गड्ड्याचे कोयत्याने तुकडे करायचे, पत्र्यावर कडक वाळवायचे आणि खड्ड्यात पुरायचे. कर्दळीचा ओला तुकडा कुठेही पडला तरी फुटतो. नको असलेली रोपं शेजाऱ्यांना वाटू या, असं मी एकदा सुचवलं. सर म्हणाले, "टाकलेलं कुठेतरी जगणार आहे हे ठाऊक असलं, की निवडणाऱ्याचा हात सैल पडतो." फुलाशेजारी पांढरा कागद धरून रंग ताडून बघू, असंही मी म्हटलं होतं. त्यावर, आपण काय बाजारात भेंडी घेतोय का, म्हणून माझी थट्टा झाली.

दुसऱ्या वर्षी कडेच्या वाफ्यात एक फूल उमललं. लखमी खुरपं खाली ठेवून म्हणाली, "सर, हे तं धवलं हाय." मलाही ते पांढरंच दिसत होतं. सरांनी ते बराच वेळ न्याहाळलं. सायीसारखं आहे, म्हणाले. पिवळट. काढ. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "डोळा तयार व्हायला वीस वर्षं लागतात, सुनीता." मी कोयता घेतला. त्या हंगामात अशी आणखी दोन निघाली, पुढच्या वर्षी एक. चारही मी माझ्या हातांनी तोडली. भीतीने गप्प बसले, असं म्हणणं खोटं ठरेल. सरांना दिसतं तेच खरं असणार, असं मला मनापासून वाटत होतं.

पुढे सर वाफ्यांच्या कडांना अडखळू लागले. वलसाडला नेलं तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एकामागून एक दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. दुसरी पट्टी सुटल्यावर सरांनी घरी येऊन कपाट उघडलं आणि त्यांना हसू आवरेना. गावभर निळा करून फिरवलंस की मला, असं ते काकूंना म्हणत होते. हसणं अंगणापर्यंत ऐकू येत होतं. काकूही हसत म्हणाल्या, "तुम्हीच म्हणायचात ना, पिवळट दिसतोय?"

हसणं तिथेच थांबलं. थोड्या वेळाने सर अनवाणी वाफ्यावर आले. हातात एक सदरा तसाच होता.

"आपण काढलेल्यांत पांढरं काही होतं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही सर. सगळी पिवळटच होती," मी म्हटलं.

ते लखमीकडे वळले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चार बोटं वर केली. "चार होतीं. मी एकदा बोललें, तुम्ही काढ बोललां."

सर बांधावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "सुनीता, आता तू मला सांभाळायला बघतेस. तेव्हा बागेला सांभाळायला हवं होतंस." मी वळून पाहिलं. पत्र्यावर आता काही नव्हतं, खड्ड्यातलं केव्हाच माती झालं होतं.

त्या चार रोपांच्या आईबापांचा संकर त्यांनी पुन्हा केला. त्याच आईबापांचं दुसरं पोर वेगळंच निघतं, हे त्यांनीच आम्हांला शिकवलं होतं, तरी केला. रोपं दोन पानांवर असताना सर गेले. अंगावर कोरं पांढरं कापड घातलं, तेव्हा काकूंनी तोंड फिरवलं. निळे सदरे त्यांनी मला दिले. त्यांच्या चिंध्या मी रोपांना खुणेसाठी बांधल्या आहेत.

यंदा ती रोपं फुलली. आता मी आधी लखमीला विचारते आणि मग स्वतः बघते. लाल, पिवळी, लाल, केशरी. शेवटच्या ओळीत एक फिकं उमललं. मी लखमीला हाक मारली. ती वाकली, पाकळी उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली.

"पिवलं हाय, बाय," ती म्हणाली.

मी कागद आणून शेजारी धरला. तिचंच बरोबर होतं. कागद बाजूला केला, आणि फूल पुन्हा पांढरं दिसायला लागलं.

आज चार दिवस झाले. कोयता बांधावर पडून आहे.