लाल सिग्नल माझ्या नावावर

चूक माझीच. मी मागचं दार उघडलं.

इथे आखातात, अल बर्शा भागात, डॉक्टरांच्या बिल्डिंगखाली, त्यांच्या नव्या कोऱ्या गाडीपाशी मी उभा होतो. मराठी मंडळाचा दिवाळीचा फराळ होता. "चला आमच्याबरोबर," असं डॉक्टर क्लिनिकमध्ये म्हणाले, आणि मी ते आमंत्रण समजलो. मोतिया कुर्ता. कडक इस्त्री. अत्तरसुद्धा. वरातीला निघाल्यासारखा नटून मी मागच्या सीटवर एक पाय ठेवला.

"अहो, मागे कुठे? मागे घरची माणसं बसणार."

आणि त्यांनी किल्ली माझ्याकडे फेकली. मी ती झेलली. पहिल्या फटक्यात. शाळेत एक कॅच कधी धरला नव्हता मी.

मी नर्स. पुरुष नर्स, म्हणजे सगळ्यांचा 'ब्रदर'. डॉक्टर म्हणजे करामा भागातल्या आमच्या क्लिनिकचे मालक. सर्जन. पुण्याचे. क्लिनिकची छोटी गाडी घेऊन मी पेशंटच्या घरी जायचो, ड्रेसिंग करायचो, इंजेक्शनं द्यायचो. माझं पोट त्या लायसन्सवर.

फराळाला डॉक्टरांनी माझी ओळख करून दिली. "हा आमचा ब्रदर. ड्रायव्हिंगपण करतो. टू इन वन."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यांदा मी.

एका काकूंनी आडनाव विचारलं आणि चकलीचं ताट पुढे केलं. "नर्सिंगला ॲडमिशन कोट्यातनं का?"

"हो."

"छान हो. तुमच्या लोकांना बरं मिळतं आता."

मी चकली उचलली. खाल्ली. वर छान झालीय असंही म्हणालो.

परतताना डॉक्टर स्वतः चालवायला बसले. मुलांना गाडीचा पिकअप दाखवायचा होता. आता मला पुढे, बाजूला बसवलं. समोर सिग्नल लाल. मागून पोरगं ओरडलं, "यल्ला पप्पा, गो!" डॉक्टरांनी दाबली. सिग्नलवरच्या कॅमेऱ्याचा पांढरा झपका डोळ्यांवर आला.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं.

"लायसन्स द्या तुमचं."

इथे गाडी कुणाच्याही नावावर असो, चालवत दुसराच होता असं सांगून त्या दुसऱ्याचं लायसन्स लावतात. मग काळे पॉइंट त्याच्या नावावर पडतात. पॉइंट भरले की लायसन्स बंद. हे सगळ्यांना माहीत आहे. कोण कुणासाठी घेतो, तेही.

"माझे आधीच बरेच झालेत," डॉक्टर म्हणाले. "दंड मी भरतो ना. आपलाच माणूस तुम्ही."

"साहेब, पण माझं काम गाडीवरच..."

"मी सर्जन आहे हो. तुमचं काय?"

दिलं मी. का दिलं? माझी आई सरकारी दवाखान्यात आया होती. डॉक्टर येताना दिसला की ती बादलीसकट भिंतीला चिकटायची, तो पार जाईपर्यंत. ते बघत मी मोठा झालो. आणि खरं सांगायचं तर 'आपलाच माणूस' हे कानाला गोड लागलं. परमुलखात एवढ्यावरही माणूस विकला जातो. मी तर फारच स्वस्तात.

माझे स्वतःचे थोडे पॉइंट होतेच. वेगाचे. ते माझेच. त्यात हे पडले आणि लायसन्स काही महिने बंद झालं. मग ड्रेसिंगची बॅग खांद्याला लावून मेट्रो, बस, उरलेलं पायी. पेशंट म्हणायचे, "ब्रदर, आज फिर लेट?" डॉक्टरही म्हणायचे. हसून.

यंदा अजमानच्या एका हॉस्पिटलात इन्चार्जची जागा चालून आली. पण तिथे माझा नर्सिंगचा परवाना नव्याने काढायचा होता. अर्जात एक प्रश्न होता. वाहतुकीच्या गुन्ह्यामुळे लायसन्स कधी बंद झालं होतं का? असल्यास घडलं ते लिहा. आणि सोबत जुन्या मालकाचं शिफारसपत्र.

मी केबिनमध्ये जाऊन उभा राहिलो.

"नाही लिहा," डॉक्टर म्हणाले. "खलास."

"पोलिसांकडे नोंद आहे, साहेब. खोटं सापडलं तर परवाना कायमचा जाईल."

"मग हो लिहा. बायको आजारी होती म्हणा, घाईत तुटला."

"मी तोडला नाही."

त्यांनी चष्मा काढला. आवाज अगदी शांत. "हे बघा. तुमच्या हातून सिग्नल तुटला म्हटलं तर कुणाला नवल वाटणार नाही. माझ्या हातून म्हटलं तर चर्चा होईल. एवढं तर कळतं ना तुम्हाला?"

कळलं. त्या क्षणी कळलं. हा माणूस माझं लायसन्स वापरत नव्हता. माझी जात वापरत होता. माझ्यासारख्याच्या अंगावर गुन्हा शोभून दिसतो, याची त्याला खात्री होती. आणि आजवर ती खात्री मी हसून हसून पक्की करत आलो होतो.

सांगून टाकतो, शूरबिर काही नाही मी.

"सिग्नल तुम्ही तोडलात," मी म्हणालो. "तेच लिहिणार."

"मग पत्र विसरा. आणि एक लक्षात ठेवा, लायसन्स तुम्ही दिलंत. सही तुमची आहे. आत कोण जाईल?"

"बघू," एवढंच म्हणालो. आणि दार लावून निघालो.

घरी सगळं सांगितलं. मुलगी अकरावीत आहे. ती म्हणाली, "बट बाबा, व्हाय डिड यू गिव्ह इट?"

मी लॅपटॉप उघडला. लिहिलं. वेगाचे पॉइंट माझे. लाल सिग्नल माझा नाही, गाडी माझे वरिष्ठ चालवत होते. लायसन्स मी दिलं, खोटं मी चालू दिलं, ती चूक माझी.

परवाना मिळेल का, माहीत नाही. पोलिसांपर्यंत गेलं तर काय होईल, तेही माहीत नाही. व्हिसा जाऊ शकतो. पोरीची शाळा अर्ध्यावर सुटू शकते. हे सगळं समोर ठेवूनच लिहिलं. माझं चुकलं ते मी भोगेन. दुसऱ्याचं एक टिंबही यापुढे अंगावर घेणार नाही.

बायकोने स्क्रीनवर दोनदा वाचलं.

"'माझे वरिष्ठ' म्हणजे कोण हो?"

"डॉक्टर. अजून कोण?"

"मग नाव लिहा त्याचं," ती म्हणाली. "पूर्ण."