आईचा कान आणि माझी सेफ्टी

मी कारेगावला राहतो आणि तिथल्याच एका कंपनीत सेफ्टीचा माणूस आहे. ऑक्सिजनच्या सिलिंडरला तेलकट हात लावला की कशी आग लागते, हे दर सोमवारी पोरांना शिकवतो. जो ऐकत नाही त्याला मेमो देतो. घरचा कारभार मात्र रामभरोसे.

आई राहू गावाला, शेतावर. तिला साखरेचा आजार. उजवा कान ठणकतोय म्हणून फोनवर सांगायची. मी म्हणायचो, लसणाचं तेल कोमट करून घाल, रविवारी येतो. असे सहा रविवार गेले. कधी कंपनीचं ऑडिट, कधी कुणाचा साखरपुडा. सातव्या रविवारी गेलो तर तिचं तोंड वाकडं झालेलं, चहा ओठातून गळत होता.

पुण्याचे डॉक्टर म्हणाले, साखरेमुळं इन्फेक्शन कानातून हाडात उतरलंय, चेहऱ्याची नस धरलीय. आणखी आत गेलं तर जिवाशी गाठ. इंजेक्शनं दीडेक महिना लागणारच. जोडीला रोज बंद पेटीत जादा दाबानं ऑक्सिजन देऊन बघू, गुण येईलच असं नाही.

पहिल्या दिवशी फॉर्म आला. अंगाला, केसांना तेल नाही ना? असले फॉर्म भरण्यात आपला हातखंडा. आईला न विचारता 'नाही'वर टिक मारली आणि झोकात सही ठोकली. पेटीजवळच्या सिस्टरनं तिचा पदर सारला, तर केस तेलानं चप्प. पुण्याला जायचं म्हणून पहाटे वाटीभर तेल जिरवून वेणी घातलेली. आमच्याकडं बाई कोरड्या डोक्यानं परगावी निघाली, तर घरात सुतक तरी असतं नाहीतर भांडण.

मी भडकलो. सगळ्यांदेखत तिला माझं सोमवारचं भाषण ऐकवलं. तिनं पुरतं ऐकून घेतलं. मग वाकड्या तोंडानं एकेक शब्द जुळवत म्हणाली, "तेल लगीच दिसलं रं तुला. दीड महिना कान दुखतोय म्हणत व्हते, तवा कुठं व्हतास?"

सिस्टर तिला केस धुवायला घेऊन गेली. मी फॉर्मवरची टिक खोडत बसलो.

पेटीत बसणं संपलं, इंजेक्शनं संपली. ठणका गेला, इन्फेक्शन थांबलं. नक्की कशानं, ते डॉक्टरही सांगत नाहीत. तोंड मात्र पुरतं सरळ झालं नाही. गावात कुणी विचारलं की आई सांगते, साखर वाढली व्हती. मी शेजारीच बसलेला असतो, तरी माझं नाव घेत नाही.